शिलोंड्याच्या वाटेवर आई रंगेहाथ

पहिल्या वेळी गेलो तेव्हा बोरिवलीचं नॅशनल पार्क बंद होतं. सोमवार होता. रविवारची गर्दी नको म्हणून मी ऑफिसातून मुद्दाम सोमवारची रजा टाकली होती, आईने पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या होत्या, आणि दहिसरहून रिक्षाने येऊन आम्ही दोघी हायवेवरच्या त्या मोठ्या दारापाशी उभ्या. आत बसलेल्या माणसाने आधी आमच्याकडे पाहिलं, मग पायातल्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "सोमवारी सुट्टी असते."

"कोणाला?" आईने विचारलं.

"जंगलाला."

मी चिडले. आईला ते लगेच पटलं. "बरोबर आहे, त्यालाही एक दिवस नको का?" म्हणाली आणि परतीची रिक्षा शोधायला लागली. पुऱ्या आम्ही घरी गॅलरीत बसून खाल्ल्या. जन्मापासून बोरिवली-दहिसर पट्ट्यात वाढलेल्या माझ्यासारख्या बाईला पार्क सोमवारी बंद असतं हे माहीत नसावं, यात सगळं आलं. पार्क म्हणजे शाळेची सहल, वनराणी ही छोटी आगगाडी, पेरूला तिखटमीठ, फार तर कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्या. तिथे 'चालायला' जायचं, हे कधी डोक्यातच आलं नाही. चालायला मी सह्याद्रीत जायचे. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेली बाई पार्कात कशाला जाईल? तिथे लोक ट्रॅकपँट घालून मॉर्निंग वॉक करतात, झालं.

तो तोरा त्याआधीच्या हिवाळ्यात उतरला. राजमाचीहून कोंदिवड्याच्या बाजूला उतरत होते. एरवी गप्पा मारत उतरायची वाट. एका दगडावरून पाय सरकला आणि गुडघ्यात 'टक्' असा बारीक आवाज झाला, शेंग मोडल्यासारखा. एमआरआयमध्ये गुडघ्यातली गादी फाटलेली निघाली. ऑपरेशन टळलं, पण पुढचे कितीतरी महिने फिजिओथेरपी आणि भिंतीला पाठ टेकून बसायचे ते लाजिरवाणे व्यायाम. शेवटी डॉक्टर म्हणाले, "गड अजून नको. सोपं काहीतरी चाला. डांबरापेक्षा माती बरी." बोरिवलीच्या आसपास माती शोधायची म्हटलं तर एकच जागा उरते. आणि आई म्हणाली, "सोपं आहे ना? मग मीपण येते."

आई तेव्हा ७१ वर्षांची. संगमेश्वर तालुक्यातल्या गावातून लग्न होऊन दहिसरला आली, त्याला पन्नास वर्षं व्हायला आली. बाबा गेल्यापासून तिचं फिरणं भाजीबाजार आणि देऊळ एवढंच. ती बरोबर येणार म्हणजे आपण बागेतल्यासारखं हळूहळू चालणार, असा हिशोब मी मनाशी केला. थोडी कुरबुरही केली.

शिलोंडा ही पार्कातली वाट उठलं आणि गेलं अशी नाही. पार्कातल्या निसर्ग माहिती केंद्रात आधी नाव घालावं लागतं, पैसे भरावे लागतात, पुरेशी माणसं जमली की केंद्राचा वाटाड्या सोबत येतो आणि त्याच्या मागून चालायचं. एकट्याने घुसायची परवानगी नाही. हे मला तेव्हा कमीपणाचं वाटलं होतं. फोनवर पलीकडच्या माणसाने नावं आणि वयं घेतली. ७१ ऐकून थांबला. "आजी चालतील ना?"

"ती चालेल," मी म्हटलं. "माझंच बघावं लागेल."

मग सूचना. मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे. लाल, पांढरं, भडक नको. अत्तर नको, गाणी नकोत. पाणी आपापलं. काही तोडायचं नाही, काही टाकायचं नाही. आईच्या कपाटात मातकट काहीच नव्हतं. "मातकट कोण विकत घेतं गो?" म्हणत तिने शेवटी बाबांचा जुना खाकी शर्ट काढला, बाह्या मनगटापर्यंत सोडल्या आणि पंजाबी ड्रेसवर चढवला. तारीख ठरली २२ सप्टेंबर २०२४, रविवार. त्यावरही तिची शंका होतीच. पक्षपंधरवडा चालू, बुधवारी बाबांची तिथी. पण पक्षात लग्नमुंज करत नाहीत, जंगलात जाऊ नये असं कुठे लिहिलंय, असं तिचं तिनेच ठरवलं.

सकाळी सातला आम्ही चौदा जण जमलो. कॉलेजची चार पोरं, एक जोडपं आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा, गळ्यात पाइपाएवढी लेन्स अडकवलेले एक काका, दोन्ही हातांत काठ्या घेतलेले दोन तरुण, आणखी काही. आमच्याबरोबर आलेले दादा पार्काच्या आतल्याच एका पाड्यात राहणारे, वारली. या जंगलात नवापाडा, रावणपाडा, चिंचपाडा असे पाडे आहेत, लोक तिथे पिढ्यान् पिढ्या राहतात. आणि आपण हायवेवरून जाताना म्हणतो, "इथे बिबटे राहतात."

कान्हेरीच्या डांबरी रस्त्यावरून वाट आत शिरते तिथे दादांनी सगळ्यांना गोल उभं केलं. "आपण चढायला नाही आलो, बघायला आलोय. ज्याला पुढे जायची घाई असेल त्याने सगळ्यांत मागे राहायचं." हे वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं नव्हतं. मला मात्र ते नेमकं लागलं. आणि ज्याला मागे राहायची सवय आहे त्याने पुढे यायचं, म्हणून आईला त्यांनी स्वतःच्या मागे, दुसऱ्या नंबरवर घेतलं. म्हणजे चौदा जणांची रांग आता आईच्या चालीने चालणार.

पहिल्या तासात आम्ही किती चाललो असू? एक किलोमीटर, फार तर. जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटरची वाट, बहुतेक सपाट, ओढ्याच्या काठाने. माझ्या जुन्या वेगाने दीड तासाचं काम. दादा दर वीस पावलांना थांबत. हा कुडा, हा पांढरा, तो काळा. हा उंबर. हे कांडोळाचं झाड, उन्हाळ्यात पानं झडली की रात्री भुतासारखं पांढरं दिसतं. माझ्या मनगटावरच्या घड्याळाने दोनदा थरथरून विचारलं, व्यायाम संपला का? शेवटी मी ते काढून पिशवीत टाकलं.

मग दादा म्हणाले, "वाका सगळे."

वाटेवर आडवं, दोन झाडांच्या मधे, दाराच्या चौकटीएवढं जाळं. तिरपं ऊन त्याच्यावर आलं तेव्हा दिसलं की धागे पांढरे नाहीत, पिवळसर आहेत, शालूच्या जरीसारखे. मधोमध कोळीण. पाय धरले तर माझ्या तळहाताएवढी, काळ्या पायांच्या सांध्यांवर पिवळे ठिपके. जायंट वुड स्पायडर. लेन्सवाले काका गुडघ्यावर बसले. दादांनी काडीने न टेकता दाखवलं, "आणि हा नर." आधी कुणालाच दिसेना. जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक लालसर कण, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा.

"हा नवरा?" आई.

"हो आजी."

"खूप बोलत नसणार."

दादांना हसू आवरेना. मग आम्ही सगळे त्या जाळ्याखालून वाकून गेलो, आणि वाकताना माझा गुडघा कुरकुरला. आई न कुरकुरता गेली. तिची उंचीच तेवढी आहे, ही माझी बाजू.

पावसाळा सरतानाचं जंगल म्हणजे नुसतं हिरवं, असा माझा समज होता. गडावर आपण वर बघत जातो. इथे खाली बघत चाललो. वाटेच्या दोन्ही अंगांना तेरडा गुलाबी झाला होता. आई तिथे थबकली. "आमच्याकडे याच्याच गौरी," ती त्या नऊ वर्षांच्या मुलाला सांगायला लागली, "मुळासकट उपटून आणायचं, वाजतगाजत." मुलाने विचारलं, मग इथलं का नाही उपटायचं? आईने दादांकडे बघितलं. दादा म्हणाले, "इथली गौर इथेच बसलीय." टाकळ्याला पिवळी फुलं येऊन लांब शेंगा लटकत होत्या. "जून झाला, आता कोण खाणार," असं म्हणून आईने तो मोडीत काढला. कुर्डूचे तुरे बघून तेच. मला त्या वाटेवर पक्षी, फुलपाखरं, बिबट्या शोधायचा होता. आई भाजीबाजारातून चालली होती. आणि खरं सांगायचं तर झाडं तिला दादांच्या खालोखाल कळत होती. नावं वेगळी होती, दोघं एकमेकांची नावं पडताळून बघत होते. मी, वीस वर्षं जंगलं तुडवलेली, मला साग ओळखता येत होता आणि पळस. पळस तीन पानांमुळे.

सागापाशीच प्रकार घडला.

वाटेकडेला सागाची रोपं होती, कमरेएवढी, शेंड्याला कोवळी तांबूस पानं. पुढे काका एका नीलवंत फुलपाखराच्या मागे लागले होते. नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, २०१५ साली ठरवलेलं. काळे मखमली पंख आणि त्यावर निळे धब्बे. सगळ्यांचं लक्ष तिकडे. ते मिनिटभर एका फुलावर टेकलं, चौदा माणसांनी श्वास धरला, मग उडालं. रांग पुन्हा चालू झाली. शंभरेक पावलं गेल्यावर दादा मागे न वळता म्हणाले, "आजी, हात दाखवा."

आईने मुठी मिटल्या.

"दाखवा की."

तळहात उघडले. लालभडक. सागाचं कोवळं पान चुरगाळून तळव्यावर रगडलं की असा रंग निघतो, हे कोकणातल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. लहानपणी आई आणि तिच्या बहिणी असंच करून रक्त आलं म्हणून आजीला घाबरवायच्या. ७१ वर्षांच्या बाईला त्या शेंड्यासमोर राहवलं नव्हतं. एकच पान. पण नियम म्हणजे नियम, आणि पुरावा हातावर.

"रंगेहाथ," कॉलेजच्या पोरांतला एक म्हणाला, आणि पुढची पाच मिनिटं कुणाला काही सुचेना, इतके सगळे हसले. बिबट्या जवळपास असलाच तर त्याने तेव्हाच वाट बदलली असणार. दादाही हसले. पण मग थांबून त्यांनी नीट सांगितलं, आईला नव्हे, सगळ्यांना. या जंगलात वर्षाला लाखोंनी माणसं येतात. प्रत्येकाने एक पान म्हटलं तरी या वाटेला शेंडा राहायचा नाही. "मीसुद्धा नाही तोडत, आजी. माझं घर इथे आहे तरी." आई मान खाली घालून ऐकत होती, शाळेतल्यासारखी. तिने एकदाच हळूच विचारलं, "पडलेलं चालतं का?" पडलेलंही उचलायचं नाही. त्याची माती होते, त्यावर किडे जगतात. हे उत्तर तिला मान्य झालं असं मला वाटलं नाही, पण पुढे सगळा वेळ तिने हात पाठीमागे बांधून ठेवले.

त्यानंतर दोघांचं जमलं ते जमलंच.

पुढे एका सपाट दगडावर विष्ठा पडलेली होती. वाळून पांढरट झालेली, पिळलेली. दादा उकिडवे बसले, काडीने ती फोडली. आत केस, दाबून भरलेले, आणि हाडाचा बारीक तुकडा. "बिबट्या. तीन-चार दिवसांपूर्वीची असेल." मुलाचे डोळे मोठे झाले. केस कशाचे ते दादांनी छातीठोक सांगितलं नाही. चितळाचे असतील, कुत्र्याचेही असू शकतील, म्हणाले. जंगलाच्या कडेला वस्ती, वस्तीत कचरा, कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या, इतकं सरळ आहे ते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल, तिन्ही बाजूंनी मुंबई आणि ठाणे, आणि कॅमेऱ्यांनी केलेल्या गणनेत बिबटे चाळीसच्या वर. २००४ च्या जूनमध्ये लागोपाठ माणसं मारली गेली, तेव्हा आमच्या सोसायटीत संध्याकाळी सातनंतर मुलांना खाली सोडत नव्हते, मला चांगलं आठवतं. नंतरच्या अभ्यासातून कळलं की बाहेर पकडलेले बिबटे आणून इथे सोडत, हेही एक कारण असावं. नव्या जागी सोडलेलं जनावर बिथरतं.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" जोडप्यातल्या बाईने विचारलं.

"आम्ही त्याला पुजतो," दादा म्हणाले. "वाघबारशीला. वाघोबा." आणि काडी बाजूला ठेवून उठले. भीती वाटते की नाही ते त्यांनी सांगितलंच नाही, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

ओढ्याचा आवाज आधीपासून येत होता, आता पाणी दिसलं. काळ्या कातळावरून पसरत येणारं, मधेमधे गुडघाभर डोह. इथे एकदा ओलांडून पलीकडे जायचं होतं. सात-आठ पावलांचं काम. काठ्यावाले तरुण काठ्या टेकत गेले, कॉलेजची पोरं उड्या मारत गेली. मी काठावर उभी. कातळावर शेवाळाची बुळबुळीत साय. राजमाचीचा तो 'टक्' आवाज कानात पुन्हा वाजला. गंमत नाही सांगत, पाय उचलेना. हरिश्चंद्रगड, रतनगड, सगळं त्या क्षणी कुचकामी.

आई तोपर्यंत अर्ध्यात पोहोचली होती. बसून. कातळावर सरळ बैठक मारून, हात दोन्हीकडे टेकून, बाबांचा शर्ट भिजवत, एकेक वीत पुढे. "बस आणि सरक," तिने मागे वळून ओरडून सांगितलं. "पडायला उंचीच ठेवू नको."

मी बसले. सरकले. पाणी मांडीखालून वाहत होतं, थंडगार. इतक्या वर्षांत मी एकही ओढा असा ओलांडला नव्हता. चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून. पलीकडे दादांनी हात दिला तेव्हा आईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "वहाळ असाच ओलांडतात."

पलीकडे मोठ्या कातळावर सगळे बसले. दादांनी पाच मिनिटं गप्प बसायला सांगितलं. पहिल्या मिनिटाला फक्त स्वतःचा श्वास. मग पाणी. मग कुठूनतरी शीळकरी कस्तुराची शीळ, एखाद्याला गाण्याची चाल अर्धीच आठवावी तशी, चढत जायची आणि भलत्याच सुरावर सुटायची. मग सातभाईंचा कलकलाट. आणि मग, बऱ्याच वेळाने, अगदी बारीक, विमान. त्या खालोखाल गाड्यांची न थांबणारी घरघर. ती सगळा वेळ होतीच, आपणच ऐकणं बंद केलेलं असतं. मला तर या बाजूला डोंगर आहे हेही गच्चीवर गेल्याशिवाय आठवत नाही, आणि हल्ली गच्चीवरूनही टॉवरच दिसतात.

पाच मिनिटांनंतर दादांनी तलावांचं सांगितलं. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्ही याच जंगलाच्या पोटात, मुंबईला पाणी देणारे. पाणलोट राखायचा म्हणून भोवतालचं जंगल राखलं गेलं, नाहीतर इथे कधीच इमारती उठल्या असत्या. आज शहराला बहुतेक पाणी लांबून, भातसा-वैतरणेतून येतं; हे दोन सगळ्यांत लहान. आई म्हणाली, "लहान असले तरी घरचे."

परतीची वाट तीच. जाताना अडीच तास, येताना तासभर. डांबरी रस्त्याला लागल्यावर पुऱ्यांचा डबा काढला. यावेळीही तिने पहाटे उठून तळल्या होत्या. झाकण उघडलं आणि बाजूच्या कठड्यावरून एक माकड आलं, घाई नाही, गडबड नाही, बिल मागायला आलेल्या वेटरसारखं. डबा उचलला आणि गेलं. दादा म्हणाले, इथे उघड्यावर खायचं नसतं, मी सांगायला विसरलो. डबा थोड्या वेळाने झाडाखाली सापडला, चाटून स्वच्छ. आई हिशोब करत होती: दोन वेळा तळल्या, एकदा गॅलरीत, एकदा माकडाच्या पोटात, जंगलात बसून खायची इच्छा राहिली ती राहिलीच.

मुख्य दाराजवळ दहिसर नदी लागते. तुळशीकडून येणारी. तिथे पाण्याचा तळ दिसत होता, दगडांवर ऊन हलत होतं. आई पुलावर थांबली. "ही आपली?" हो, आपली. तीच, जी आमच्या इमारतीमागून काळी होऊन वाहते. जिला आम्ही सगळे नाला म्हणतो. २६ जुलै २००५ ला जी तळमजल्यावरच्या घरांत शिरली. आई बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. काही बोलली नाही, म्हणून मीही नाही.

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. सागाचाही तेवढाच. बुधवारी बाबांची तिथी होती तेव्हा आईच्या तळहातांवर तो फिका पडून विटकरी झाला होता. बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या, विरारहून आली. जेवताना तिची नजर आईच्या वाढणाऱ्या हातांवर गेली. "वहिनी," ती शक्य तेवढ्या हळू आवाजात म्हणाली, "पक्षात मेंदी?"

आईने खिरीची पळी थांबवली. "मेंदी नाही गो. गुन्हा."

पुढे सगळी हकीकत झाली. संध्याकाळी पाऊस असा कोसळायला लागला की आत्याला मुक्काम करावा लागला, आणि रात्री त्या दोघी आपल्या लहानपणच्या झाडांची नावं आठवत बसल्या. त्यातली निम्मी मी पहिल्यांदा ऐकली.

कान्हेरीला गेलो ते ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, नवरात्रात. यावेळी वाटाड्या नको, नाव घालणं नको. तिकीट काढायचं, पार्कच्या गाडीने वर जायचं. शंभराहून जास्त लेणी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून कोरत आणलेली. तिसऱ्या लेण्यातले सातेक मीटर उंचीचे बुद्ध बघून सगळे तिथेच फोटो काढतात आणि माघारी फिरतात. आम्ही कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी वर वर गेलो. आईला मूर्तींपेक्षा पाणपोढ्या आवडल्या, म्हणजे पाण्याची टाकी. बहुतेक लेण्यांच्या दाराशी एक टाकं, त्यात पाणी आणणारी बोटभर रुंदीची पन्हाळ, दगडातच. भिक्षू पावसाळ्याचे महिने एका जागी राहायचे, आणि कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी पैसे देऊन ही लेणी, ही टाकी खोदवली. तसे लेख भिंतींवर आहेत. "बाई कुठे गेली असेल पाणी भरायला, याचा विचार केलाय यांनी," ती म्हणाली. इथे राहायचे ते भिक्षू, हे मी सांगितलं. "मग स्वतःला भरायचं होतं, म्हणून केलाय."

उतरताना तिने मला उतरायला शिकवलं. तोंड बाजूला, एक हात भिंतीला, एका पायरीवर दोन्ही पाय आणल्याशिवाय पुढची नाही. फिजिओथेरपीच्या बाई हेच सांगायच्या, तासाला सातशे रुपये घेऊन.

आणि कारवी. टेकडीच्या उतारावर जांभळा धूर पसरल्यासारखी. आठ वर्षांतून एकदा फुलते. इथे २००८, मग २०१६, आता २०२४. एरवी ज्या झुडपांना ओलांडून आपण पुढे जातो, तीच सगळी एकदम. फुलांवर मधमाश्या इतक्या की उताराला हात लावला तर थरथर लागेल असं वाटत होतं. फुलून बी धरलं की झुडूप मरतं. सुकलेली बोंडं पुढे फट्फट् फुटतात आणि बी उडतं, मग पुन्हा आठ वर्षं नुसती पानं. आईच्या माहेरच्या घराच्या भिंती कारवीच्या होत्या, काठ्या उभ्या करून त्यावर शेणमाती लिंपलेल्या. ती एका फांदीपाशी अगदी नाक लावून उभी राहिली. हात पाठीमागे बांधलेले.

"आता पुढची कधी?" तिने विचारलं.

"२०३२."

बोटांवर मोजलं. "मी ७९ ची. तुझा गुडघा किती वर्षांचा?"

"चोपन्न."

"येऊ मग," आई म्हणाली. "तेवढं रविवार बघून ये. सोमवार नको."